नटीने सांगितले म्हणून?

लोणखेड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव छापू नका, असे बजावले आहे. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि प्रार्थनेच्या रांगेत तो नेहमी सर्वांत पुढे उभा असतो. टीव्हीवरच्या एका जाहिरातीत ओळखीची नटी आई होऊन येते. ती मुलाला दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने रेघ मारते आणि दुधात घालायच्या भुकटीचा डबा हातात धरून हसते. बाईंनी शहाद्याच्या बाजारातून तो डबा आणला. एक संपला की दुसरा, असे आठ महिन्यांत आठ डबे झाले. तीन हजारांच्या वर गेले. ते पैसे भाजी-दळणातून मागे टाकलेले होते. मुलगा अजून रांगेत पुढेच आहे. घरात हिशेब निघाला तेव्हा जेवताना सर्वांदेखत यजमान म्हणाले, "तुझ्या त्या नटीला सांग आता, उंची वाढवून दे म्हणावं." सासरे हसले. बाई लिहितात, "ताई, पैशापेक्षा ते हसणं मला लागलं. चूक कोणाची, तिची की माझी? एकदा सांगाच."

सांगते. पण आधी त्यांच्या यजमानांना दोन शब्द. घरातली मोटारसायकल कोणत्या खेळाडूने दाखवली म्हणून आवडली, बनियन कोणत्या नटाच्या अंगावर पाहिला, हे त्यांनी एकदा आठवून पाहावे. खिशात वेलचीची पुडी असली तर तीही काढावी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, तरी त्याच नावांची वेलची हिंदीतले मोठमोठे नट विकत राहिले. वेलचीसाठी एवढा खर्च कोण करतो हो? अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा एका पानमसाल्याच्या जाहिरातीतून अंग काढून घेतले आणि पैसे परत केले. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनीही वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली. तेव्हा चेहऱ्याला भुलण्याचा मक्ता काही फक्त बायकांकडे नाही.

आता मूळ गोष्ट. नटीच्या तोंडून वस्तू विकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी आली, ती आपली लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेली, पदवीधर, मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेलेली. त्यापूर्वी या साबणाच्या जाहिरातींत हॉलिवूडच्या नट्या असत. लीलाबाईंचा चेहरा साबणामुळे तसा झाला नव्हता, हे तेव्हाच्या बायकांनाही कळत होतेच. पण साबणाची वडी ही वडीच. फेस येतो की नाही, वास बरा की वाईट, किती दिवस पुरते, हे चार आंघोळींत समजे. पटली तर पुन्हा आणायची, नाही तर नाही. नुकसान झाले तरी एका वडीचे.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि सर्फची ललिताजी आली. ती कोणी नटी म्हणून येत नव्हती, कुणाच्याही शेजारची गृहिणी म्हणून येत होती. ते काम करणाऱ्या कविता चौधरी पुढे 'उडान' मालिकेमुळे नावारूपाला आल्या. ललिताजी भाजीवाल्याशी घासाघीस करी आणि महाग पावडर का घेते त्याचा हिशेब मांडी. स्वस्त पावडर एक किलो लागते तिथे ही अर्धा किलो पुरते, असा तिचा दावा होता. तिकडे अहमदाबादची स्वस्त निरमा घरोघर पोचत होती, म्हणून हा सारा खटाटोप. पण एक मान्य करायला हवे. हा दावा आपल्या मोरीत, आपल्या धोपटण्याने तपासता येत होता. दोन पुडे आणा, दोन आठवडे कपडे धुवा, काय ते दिसेल. कितीतरी जणींनी तसे करून पाहिले आणि निरमाच घेतली.

लोणखेड्याच्या बाईंची गाठ पडली ती वेगळ्या जातीच्या जाहिरातीशी. उंचीची गोष्ट मोरीत तपासता येत नाही. दहा वर्षांचे निरोगी मूल वर्षाला साधारण दोन इंच वाढतेच. ते भुकटी खाऊन वाढते, दादरची भाकरी आणि दूध खाऊनही वाढते. चौकटीवरची दुसरी रेघ पहिलीच्या वर जाणारच, नटी असो वा नसो. मुलगा ठेंगणा राहिला तर आईबापांची उंची, खाणेपिणे, वारंवारचे आजार अशी दहा कारणे असतात. त्यातले कोणते खरे, हे आईला घरात बसून कळत नाही आणि नटीला स्टुडिओत बसून त्याहून कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. जे आपल्याला तपासता येते तिथे कंपनी वस्तू दाखवते. जे आपल्याला तपासता येत नाही, तिथे ती चेहरा दाखवते.

पटत नसेल तर आपल्याच महाराष्ट्रातला एक किस्सा ऐका. भुकटीहून फार मोठा.

२००० सालच्या सुमारास होम ट्रेड नावाच्या कंपनीच्या जाहिराती टीव्हीवर सारख्या झळकत. कंपनी नव्या मुंबईत वाशीला. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन. एक असता तरी पुरे होता, तिथे तिघे! गंमत अशी की जाहिरात पाहून ही कंपनी नेमके काय विकते ते काही केल्या समजत नसे. सचिन हसला म्हणजे काहीतरी चांगलेच असणार, असे घराघरांत वाटे. त्या काळी सचिनवर अविश्वास म्हणजे घरच्या देवावर अविश्वास.

प्रत्यक्षात ही कंपनी सरकारी रोख्यांची दलाली करत होती. आपल्या जिल्हा सहकारी बँकांनी तिच्यामार्फत रोखे घ्यायला पैसे दिले. नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद या बँका त्यांत होत्या. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. २००२ साली हे उघडकीला आले. एकट्या नागपूरच्या बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये अडकले. जिल्हा बँकेत पैसा कोणाचा असतो हे तुम्हाला सांगायला नको. कापसाचा, ऊसबिलाचा, मास्तरांच्या पगाराचा, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेला. खटला एकवीस वर्षे चालला. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपील झाले, उच्च न्यायालयाने केदार यांना जामीनही दिला.

संचालकांनी जाहिरात बघून पैसे दिले, असे मी म्हणत नाही. ते काय बघून दिले, हा न्यायालयाचा विषय. पण कालपर्यंत कोणाला माहीत नसलेली कंपनी एका वर्षात घरोघर ओळखीची झाली, ती ज्या चेहऱ्यांमुळे, त्यांतला एकही त्या खटल्याच्या आरोपींत नव्हता. कायद्यात तशी तरतूदच नव्हती. चेहरा भाड्याने द्यावा आणि मोकळे व्हावे, अशी तेव्हाची रीत होती.

दुसरा किस्सा आपल्या माधुरीचा, आणि तो मी मुद्दाम सांगते, कारण त्यात सरळ दोषी कोणीच सापडत नाही. २०१५ च्या मे महिन्यात मॅगीत शिसे जास्त असल्याचा बोभाटा झाला. माधुरी दीक्षित ओट्सच्या मॅगीची जाहिरात करत होती. हरिद्वारच्या अन्न खात्याने तिला नोटीस धाडली: या शेवया आरोग्याला चांगल्या, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता? ५ जूनला देशभर बंदी आली. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नाही आणि तपासणाऱ्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. नव्याने तपासण्या झाल्या, शिसे मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानांत आली. त्या गदारोळात माधुरीने कंपनीच्या लोकांची भेट घेतली आणि माल चांगला असल्याची हमी त्यांनी आपल्याला दिल्याचे जाहीर केले. बघा बरं. आपण माधुरीला विचारायचे आणि माधुरीने कंपनीला! मग मधे माधुरी कशाला? शिसे किती आहे हे तिला कळणार नव्हते, तुम्हा-आम्हालाही नाही. ते प्रयोगशाळेलाच कळते.

खाली केरळात तर याहून मजेची गोष्ट घडली. थ्रिसूरच्या एका गृहस्थांनी २०१२ साली केस वाढवणारे मलम घेतले. मल्याळम नट अनूप मेनन जाहिरातीत त्याचे गुण गात. केस काही वाढले नाहीत, मित्र मात्र चेष्टा करू लागले. गृहस्थ ग्राहक मंचात गेले. तिथे उलटतपासणीत नटाने कबूल केले की हे मलम मी कधी लावलेच नाही, मी आईने घरी केलेले तेल लावतो! मंचाने कंपनीला आणि नटालाही प्रत्येकी दहा हजारांचा दंड केला. निकाल वर्तमानपत्रांत आला तो जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. दंडाची रक्कम त्या नटाच्या दृष्टीने किरकोळ असेल. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आईच्या तेलाचे नाव घ्यावे लागले, हे मला फार आवडले.

आता कायदा बदलला आहे, हे बाईंनी यजमानांना जरूर वाचून दाखवावे. नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला आणि जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीबरोबर जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केले तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय वर्षभर, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षे, तिला जाहिराती करायला बंदी घालता येते. सुटकेची वाट एकच: दावा खरा आहे की नाही याची मी आधी नीट खातरजमा केली होती, हे तिने दाखवून द्यायचे. जून २०२२ च्या नियमांत तर असे आहे की ज्या वस्तूची शिफारस करायची तिची पुरेशी माहिती किंवा अनुभव असला पाहिजे. पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की अशा जाहिरातींना त्या करणारे नामवंतही तितकेच जबाबदार आहेत. मोबाईलवर स्वयंपाकघरात उभ्या राहून "मी हेच वापरते" सांगणाऱ्या ताई-वहिनींनाही हे लागू आहे. पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर तसे स्पष्ट सांगायचे, असा नियम आहे. किती जणी सांगतात, ते तुम्हीच बघा.

म्हणून लोणखेड्याच्या भगिनीला माझे उत्तर: पहिल्या डब्याला तुमची चूक नाही. जो खोटे बोलला त्याची चूक, आणि खातरजमा न करता ज्याने चेहरा दिला त्याची. आपले मूल वाढावे असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. पण आठवा डबा? तिसऱ्या डब्यानंतर चौकटीवरची रेघ तुम्ही पाहिलीत, आणि तरी चौथा आणलात. तिथे मात्र थोडे थांबायला हवे होते. रागावू नका, मोठ्या बहिणीच्या अधिकाराने लिहिते.

तुमच्याच तालुक्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार बघायला कुठून कुठून माणसे येतात. तिथे घोडा घेणारा काय करतो? जबडा उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. अमक्या नटाने याच्यावर बसून फोटो काढला होता, असे विकणाऱ्याने सांगितले तर तो ऐकून घेईल, हसेल आणि पुन्हा दात बघेल. भुकटीच्या डब्यालाही दात असतात. डबा उलटा करा. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, आणि ज्याचे वजन सर्वांत जास्त त्याचे नाव आधी, असा नियम आहे. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असली तर आपण काय विकत घेतो आहोत ते समजा. साखरेची माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप अशी भावंडेही त्याच रांगेत बसलेली असतात. आणि 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाला फसू नका. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना दुधात घालायच्या असल्या भुकट्या त्या सदरातून काढायला सांगितले.

मुलाच्या उंचीची खरोखर काळजी वाटत असेल तर शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्यांच्याकडून उंची-वजन लिहून घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. वाढ थांबलेली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. त्या तीन हजारांत किती लिटर दूध, किती अंडी, किती शेंगदाणे आले असते, हा हिशेब मी करत नाही. तुम्ही मनात केलाच असेल.

एक गोष्ट मात्र आपण बायका सोयीस्करपणे विसरतो. नटी पैसे घेऊन सांगते. आपण फुकट सांगतो. हळदीकुंकवाला, भिशीला, बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी डबा, क्रीम, नाही तर दामदुपटीची योजना काढते आणि म्हणते, "मी घेतलंय, तुम्हीही घ्या." शेजारणीला ना म्हणवत नाही. टीव्ही बंद करता येतो, वहिनींना कसे बंद करणार? लोणखेड्याच्या बाईंनीही पत्रात ओझरते लिहिले आहे की त्यांच्यामुळे गल्लीतल्या दोघींनी तोच डबा सुरू केला. त्या दोघींना त्यांनी आता जाऊन सांगावे. जरा जड जाईल, पण सांगावे. नट्यांकडून आपण खातरजमेची अपेक्षा करतो, ती आपल्या गल्लीत आपल्यालाही लागू आहे.

आणि तक्रार करावी. तीन हजारांसाठी कोण कोर्टात जातो, असे यजमान म्हणतील. पण कोर्टाच्या आधीही पायऱ्या आहेत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येते. जाहिरात खोटी वाटते अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. म्हणजे लोणखेड्याहून दिल्लीला नव्हे, नंदुरबारला. ते चौकशी करून वर अहवाल पाठवू शकतात. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो नाही तर गुडगावची. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची.

अर्ज साधा असावा. वस्तूचे नाव, कुठे आणि कधी घेतली, किती दिले. जाहिरात कोणत्या वाहिनीवर, साधारण कोणत्या तारखेला, किती वाजता पाहिली, आणि त्यात नेमका कोणता दावा होता, हे एका वाक्यात. कोण नट-नटी होती तेही लिहा. मोबाईलवर जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. वापरून काय झाले, किती दिवस वापरले. रागाचे शब्द नकोत, ते घरी बोला.

पावतीचे मात्र बघा. बाजारात दुकानदार "पावती कशाला वहिनी, घरचंच दुकान आहे" म्हणतो आणि आपण संकोचाने निघतो. बिल न देणे हीही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, तेव्हा मागायला लाजू नका. महिन्याची सगळी बिले एका पिशवीत घालून खुंटीला अडकवून ठेवा. आणि लोणखेड्याच्या भगिनींनो, आठवा डबा रिकामा झाला असेल तरी त्यात डाळ भरू नका. त्याच्यावरचा बॅच नंबर आणि तारीख घासली जाते. तो तसाच, लेबलासकट, उंच फळीवर ठेवून द्या.